लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ - २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी यंत्रनिर्माते, उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बेळगाव येथे सायकलींच्या व्यापारापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, उसाचे चरक, रहाट, पंप अशी शेतीला लागणारी यंत्रे देशातच तयार करण्याचा पाया घातला. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत वसवली. कारखान्यापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला यंत्राचा झिजलेला भाग बदलून दुसरा तसाच भाग बसवता यावा, ही गोष्ट त्यांच्या उद्योगाच्या यशात मोलाची ठरली.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. पुस्तकी अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमत नव्हते. त्यांना ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. या दोन्ही गोष्टींचा वडिलांनी पुरस्कार केला नाही. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी मात्र पाठिंबा दिला आणि त्यांच्या आर्थिक मदतीवर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे सुमारे दोन वर्षे शिकल्यावर त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळून आले. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. त्यामुळे चित्रकार होण्याचा विचार सोडून द्यावा लागला. यांत्रिक आरेखनात मात्र रंगांचे काम नसते. तिथे लागते ती रेषेची, मापाची आणि प्रमाणाची अचूकता, आणि ती त्यांच्याकडे होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक आरेखनाचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. फावल्या वेळात ते संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे कशी चालतात, उघडतात आणि पुन्हा जुळवली जातात हे हाताने शिकले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांचे खरे यांत्रिक शिक्षण याच कर्मशाळेत झाले असे म्हणावे लागते.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची नेमणूक झाली. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलींचा व्यापार

'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने व्यवसायाची सुरुवात त्यापूर्वीच, १८८८ मध्ये झालेली होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि रामूअण्णा त्यांची विक्री करत. शुल्क घेऊन ते सायकल चालवायलाही शिकवत. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

त्या काळातील सायकल ही नुकतीच स्थिरावू लागलेली वस्तू होती. दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सुरक्षित सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणली. सायकलीसाठी उपयोगी ठरलेला हवा भरलेला टायर १८८८ मधला. सायकलीला आणि इतर यंत्रांना उपयोगी पडलेली रोलर साखळी मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये तयार केली होती. मात्र सर्व कारखानदार एकच माप वापरत नसत. कोणाची साखळी ठोकळ्यांची, कोणाची रोलरची, आणि साखळीच्या दोन लागोपाठच्या खिळ्यांमधील अंतरही निरनिराळे असे. या अंतराला यांत्रिकीत पिच म्हणतात.

साखळी आणि दातेरी चाक यांचा संबंध सायकल दुरुस्त करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून समजून घ्यावा लागतो. चाकाच्या दात्यांची संख्या बदलता येते. पुढचे चाक मोठे केले तर सायकल वेगाने जाते आणि चढावर जड लागते, लहान केले तर उलट घडते. दात्यांमधले अंतर मात्र असे सोयीने बदलता येत नाही. ते साखळीच्या पिचशी तंतोतंत जुळावे लागते. फरक अगदी थोडा असला तरी पहिला दाता साखळीत नीट बसतो, दुसरा किंचित हुकतो आणि काही दाते गेल्यावर साखळी दात्यांच्या टोकांवर चढते. मग ती उडी मारते किंवा निसटते. नव्याने जुळवलेली जोडीही कायम तशी राहत नाही. खिळे आणि त्यांच्या भोवतीचे भाग झिजले की प्रत्येक दुव्याचे अंतर जरासे वाढते. साखळी लांबली असे आपण म्हणतो ते याच कारणाने. अशा झिजलेल्या साखळीवर बराच काळ चाललेल्या चाकाचे दातेही आकड्यासारखे वाकतात आणि त्यावर नवी साखळी चढवली तरी ती बसत नाही. बेळगावसारख्या ठिकाणी परदेशी सायकलीचा एक भाग मोडला तर तोच भाग मागवावा लागे, आणि तो येईपर्यंत सायकल पडून राही. स्वतः यंत्रे बनवू लागल्यावर ही अडचण गिऱ्हाइकाला येऊ न देणे हा लक्ष्मणरावांच्या उद्योगापुढचा रोजचा प्रश्न झाला.

सायकलींबरोबर पवनचक्क्यांची विक्री करण्याचाही प्रयत्न दोघा भावांनी केला. तो फार पुढे गेला नाही.

कडबा कापण्याचे यंत्र

लक्ष्मणरावांनी स्वतः बनवलेल्या पहिल्या महत्त्वाच्या वस्तूंपैकी एक म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा उभा कडबा जनावरांपुढे टाकला की ती पाने आणि कोवळा भाग खातात आणि जाड बुंधे तुडवून टाकतात. कुट्टी करून घातली तर फारच थोडे वाया जाते. दुष्काळी मुलखात ही बचत म्हणजे बैलजोडी जगवणे.

या यंत्रात एका जड चाकावर पाती बसवलेली असतात आणि दोन रूळ कडबा आत ओढतात. रूळ आणि पात्यांचे चाक एकमेकांशी दातेरी चाकांनी जोडलेले असतात. पाते एकदा फिरेपर्यंत रूळ किती कडबा पुढे सरकवतात यावर तुकड्याची लांबी ठरते. म्हणजे दातेरी चाकांचे प्रमाण बदलले की कुट्टी बारीक किंवा जाड होते. अट पुन्हा तीच. चाके लहानमोठी चालतील, पण एकमेकांत गुंतणाऱ्या दात्यांचे माप एकच हवे.

लोखंडी नांगर

पहिला लोखंडी नांगर १९०३ मध्ये तयार झाला. तोपर्यंत या भागात वापरला जाणारा लाकडी नांगर जमीन चिरत असे, पण ती उलटवत नसे. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात. त्या वर काढून उन्हात वाळवायच्या तर माती पालथी घालणारे वक्र पाते लागते. परदेशी बनावटीचे असे नांगर येत होते, पण ते महाग होते.

शेतकऱ्यांनी हा नांगर लगेच स्वीकारला नाही. लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. या विरोधाकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिले जाते ते अपुरे आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार तो बलुत्याच्या धान्यावर दुरुस्त करून देत. बिडाच्या नांगराचा एखादा भाग तडकला तर गावातल्या लोहाराला तो सांधता येत नसे, कारण बीड तापवून ठोकले तर फुटते. ऐन नांगरटीच्या दिवसांत, उन्हाळ्यात, नांगर बंद पडला तर शेतकऱ्याचे वर्ष वाया जाण्याची भीती होती. नव्या अवजारावर विश्वास ठेवण्यात धोका होताच.

या भीतीला उत्तर होते सुट्या भागांचे. फाळ हा नांगराचा सर्वांत लवकर झिजणारा भाग आहे. तो बोल्टांनी बसवलेला असेल आणि प्रत्येक फाळाची भोके एकाच अंतरावर असतील, तर शेतकरी स्वतः पाना घेऊन जुना फाळ काढू शकतो आणि नवा बसवू शकतो. ही गोष्ट बोलायला सोपी आणि ओतशाळेत साधायला अवघड आहे. वितळलेले बीड थंड होताना फुटामागे सुमारे १/८ इंच आकसते. म्हणून साचा घेण्यासाठी केलेला लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी नमुना करणारा कारागीर मुद्दाम वाढीव खुणांची पट्टी वापरतो. दातेरी चाक ओतायचे असेल तर हे गणित आणखी नाजूक होते. प्रत्येक दात्यात केसभर चूक राहिली तरी पूर्ण फेरीत ती साचत जाते आणि शेवटचा दाता पहिल्याशी जुळत नाही.

फाळाच्या धारेचा प्रश्न वेगळा होता. मऊ लोखंडाची धार लवकर जाते आणि कठीण बीड आदळले की फुटते. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्येच यावर तोड काढली होती. साच्याच्या एका बाजूला थंड धातू ठेवला की त्याला लागलेले बीड झपाट्याने गोठून कठीण होते आणि दुसरी बाजू सावकाश थंड होऊन तुलनेने मऊ राहते. अशा फाळाची मऊ बाजू आधी झिजते आणि कठीण बाजूची धार आपोआप टिकते. भारतीय मातीसाठी हे तंत्र बसवायचे तर लोखंडाची जात, ओतण्याची उष्णता आणि साचा या सर्वांचा मेळ पुन्हा नव्याने घालावा लागत होता.

बेळगाव सोडणे

कारखाना बेळगावच्या ठळकवाडी भागात जेमतेम स्थिरावत होता, तोच नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी ती जागा सोडण्याची पाळी आली. याच सुमारास औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी औंध येथील यमाईच्या देवळाचा सभामंडप उभारण्याच्या कामासाठी लक्ष्मणरावांना बोलावले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि नुकतेच, १९०९ मध्ये, गादीवर आले होते. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना काढण्याची मुभा दिली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले.

औंध संस्थान एकसंध नव्हते. त्याचे तुकडे ब्रिटिश सातारा जिल्ह्यात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. त्यांपैकी कुंडल भागातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन निवडण्यात आली. ती निवडुंगाने भरलेली होती आणि तिथे नागांचा सुळसुळाट होता. निवड मात्र विचारपूर्वक होती. बेळगाव आणि कुंडल रोड ही दोन्ही स्थानके एकाच लोहमार्गावर होती, त्यामुळे यंत्रे आणि सामान रेल्वेने हलवता येत होते. पुढे कच्चे लोखंड आणि कोळसा आणण्यासाठी आणि तयार नांगर पाठवण्यासाठी हाच मार्ग उपयोगी पडला. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिन मानला जातो. सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे राहायला आले.

कारखान्याबरोबर लक्ष्मणरावांनी घरे, रस्ते आणि पाणी यांची व्यवस्था केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मनाई केली. जमशेदपूरनंतरची देशातील दुसरी औद्योगिक वसाहत असा किर्लोस्करवाडीचा उल्लेख केला जातो.

सहकारी

हे सर्व श्रेय एकट्या लक्ष्मणरावांना देणे न्याय्य होणार नाही. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभोराव जांभेकर यांचा हात कोणत्याही यंत्रावर बसे आणि बंद पडलेले यंत्र चालू करणे ही त्यांची खासियत होती. ते कारखान्याचे अभियंता झाले. कारकुनी केलेले मंगेशराव रेगे हिशेबनीस आणि चिटणीस झाले. के. के. कुलकर्णी यांनी व्यवस्थापनाची आणि अडचणी निस्तरण्याची कामे उचलली. शाळेत चौथीच्या पुढे न गेलेले अनंतराव फळणीकर पुढे कल्पक अभियंता म्हणून नावाजले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले होते. बाहेरच्या जगात ज्यांना ठरावीक चौकटीत जागा मिळाली नव्हती अशा माणसांना त्यांनी त्यांच्या गुणांप्रमाणे काम दिले, आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरले.

महायुद्धाचा काळ

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आयात मंदावली. मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. या अडचणीत कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्सचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे निघाली. या मासिकांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रहाट, मोट आणि पंप

किर्लोस्करवाडी कृष्णाकाठापासून फार दूर नाही, पण तिच्या पूर्वेचा मुलूख कोरडा आहे. आजचे कवठे महांकाळ, जत आणि आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. कवठे महांकाळजवळून वाहणारी अग्रणी नदी वर्षातील बराच काळ कोरडी असे आणि शेतकऱ्याचा आधार विहीरच होती. विहिरीवर मोट चाले. बैल उतारावरून पुढे जाताना मोट वर येते आणि मागे सरकताना खाली जाते, म्हणजे त्यांच्या चालीतला अर्धा भाग पाण्याविना जातो.

लोखंडी रहाटात बैल गोल फिरत राहतात आणि पाणी अखंड येते. बैलांच्या फेरीने एक मोठे आडवे दातेरी चाक फिरते, ते लहान चाकाला फिरवते आणि त्याच्या दांड्याने विहिरीवरचे चक्र फिरते. चक्रावरून पोहऱ्यांची साखळी खाली सोडलेली असते. सायकलीचा नियम इथे विहिरीच्या मापाने लागू होतो. साखळीच्या एका दुव्याची लांबी आणि चक्राच्या दोन आधारांमधले अंतर जुळले पाहिजे. जुळले नाही तर पोहरे वेडेवाकडे येतात, पाणी पन्हळीत पडण्याऐवजी विहिरीत परत जाते आणि बैलांना धक्के बसतात. सांधे झिजून साखळी लांबली की दुवे बदलावे लागतात, आणि नवे दुवे जुन्या मापाचेच असावे लागतात.

रहाटाला मर्यादाही होती. विहीर जितकी खोल, तितकी साखळी लांब आणि जड. पूर्वेकडील खोल विहिरींवर म्हणूनच मोट बराच काळ टिकून राहिली. तिची जागा शेवटी इंजिनावर आणि विजेवर चालणाऱ्या पंपांनी घेतली. किर्लोस्कर ब्रदर्सने १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंप तयार केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यांत्रिक अभियांत्रिकी शिकून लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (१९०३-१९९४) त्याच वर्षी परतले. पंप इंजिनाशी चामडी पट्ट्याने जोडला जाई. पट्ट्याला दाते नसतात आणि तो थोडा घसरतोही, त्यामुळे पिच जुळवण्याचा प्रश्न सुटला. पण कप्प्यांचे व्यास, इंजिनाचे फेरे आणि विहिरीची खोली यांचा मेळ घालावाच लागे.

उत्तरकाळ

भुईमूग फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि लोखंडी फर्निचर यांची भर पडत कारखाना वाढला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना निघाला, तर १९४६ मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा. मोटार, इंजिन आणि पंप एकाच समूहात बनू लागले. या काळात उद्योगाची सूत्रे मुख्यतः शंतनुरावांकडे होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे रेल्वे स्थानक आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. कवठे महांकाळ आणि जत तालुक्यांच्या काही भागांत आज म्हैसाळ येथून पंपांनी उचललेले कृष्णेचे पाणी पोहोचते.